एका कापाची दोन तोंडं

तुमच्या घरातली एखादी जुनी लोखंडी वस्तू उद्या पोलिसांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘ही तुमच्या मुलानं आत्ता आत्ता कापून घेतली आहे,’ तर तो काप आत्ताचा नाही, तुमच्या सासऱ्याच्या काळातला आहे, हे तुम्ही कशावरून सिद्ध कराल?

घाईनं उत्तर देऊ नका. मी लोखंडातच वाढले आहे आणि मलाही ते लगेच देता आलं नव्हतं.

धुळ्यातल्या एका गल्लीत आमचं हत्यारं दुरुस्तीचं दुकान आहे. सरकारी परवान्याचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याचे मालक आणि कारागीर. भाऊ नाही, म्हणून मी दुकानात बसू लागले असं लोक सांगतात. खरं म्हणजे मला बारीक काम आवडायचं, म्हणून बसू लागले. दहावीनंतर स्प्रिंगा बसवत होते, बी.ए. होईपर्यंत दुनळी बंदूक पूर्ण खोलून पुन्हा जोडत होते. आता तिशी आली तरी नवं गिऱ्हाईक उंबऱ्यावर थबकतं आणि विचारतं, “माणूस कोणी नाही का दुकानात?” मी म्हणते, “मी माणूसच आहे. काय बिघडलंय?”

आमचं काम बाहेरच्यांना वाटतं तसं थरारक नसतं. बँकेच्या रखवालदाराची बंदूक वर्षानुवर्षं कोपऱ्यात उभी राहून गंजते, ती साफ करायची. रानडुकरांसाठी परवाना घेतलेल्या शेतकऱ्याचा घोडा अडकतो, तो मोकळा करायचा. एकदा शिरपूरकडच्या डोंगराखालचे एक आबा आले. काउंटरवर बंदूक आडवी टाकून म्हणाले, “बेन, बंदूक मुकी व्हई गई शे.” मी नळीत सळई घातली तर आतून मातीचं नळकांडं निघालं. कुंभारीण माशीनं घर केलं होतं, आत तिची अळीसुद्धा होती. आबांनी ती तळहातावर घेतली, नीट पाहिली आणि म्हणाले, “म्हणजे हिले दिवस गयेल व्हतात!” अण्णा इतके हसले की त्यांनी मजुरी घेतली नाही.

बंदुकांच्या या दुकानात मी वाचायला शिकले ते पत्रकांवर. मामा गिरणीत होता. संपाची पत्रकं छापून आणायचा आणि आमच्या पोटमाळ्यावर ठेवायचा. “बंदुकीच्या दुकानात कागद कोण शोधणार?” हा त्याचा हिशेब. अक्षरं जुळवून मी पहिलं वाक्य वाचलं ते ‘कामगार बंधूंनो, जागे व्हा!’ त्यामुळे आजही माझ्या वाक्यांच्या शेवटी उद्गारचिन्ह आपोआप येतं, ते मी खोडत असते. अण्णा उरलेली पत्रकं टेबलावर पसरून त्यांवर स्क्रू मांडायचे. मामा चिडला की म्हणायचे, “तुझा कागद चांगला आहे रे. तेल छान शोषतो.”

मला हत्यारं आवडत नाहीत. हे विचित्र वाटेल, पण डॉक्टरला तरी रोग कुठं आवडतो? मला आवडतं ते त्यांच्यावरचं हाताचं काम. त्यातही माझं लक्ष वेधून घेतात ती जुनी, आखूड करून घेतलेली पिस्तुलं. स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतरही काही वर्षं खानदेशात कापसाचे अडते, जिनवाले, सावकार रोकड घेऊन गाडीवाटेनं फिरत. विलायती रिव्हॉल्व्हर लांबलचक, कमरेला लावलं की धोतराबाहेर डोकावणार. मग ते कारागिराकडं नेऊन आखूड करून घेत. आज तसं करणं गुन्हा आहे, आणि असावाच. पण ज्यांनी तेव्हा करून घेतलं त्यांची हत्यारं अजून निघतात, कणगीतून, माळ्यावरून, मेलेल्या माणसाच्या ट्रंकेतून.

असं पिस्तूल हातात आलं की मी आधी ते कुणासाठी केलं ते बघते. ही वस्तू शिवलेल्या सदऱ्यासारखी असते, मापानं केलेली. मूठ कुठं तासली आहे त्यावरून तळहात कळतो. घोड्याचं टोक गोल केलं असेल तर माणूस ते कपड्याच्या आत ठेवत होता. नळीच्या टोकावर नेम धरायला छोटा उंचवटा असतो, आम्ही त्याला माशी म्हणतो. नळी कापली की मूळची माशी जाते, नवी बसवावी लागते. ती कशाची केली, कशी बसवली, यावरून कारागीर कळतो. आणि सगळ्यात शेवटी नळीचं नवं तोंड. तिथं भिंग लावलं की कारागिराचा धीर दिसतो. जळगावच्या एका लग्नघरातून एकदा आमच्याकडं असं पिस्तूल आलं होतं, त्याचं तोंड कोयत्यानं ऊस तोडावा तसं तिरपं. अण्णांनी ते हातातही धरलं नाही. म्हणाले, “हे दुरुस्तीला नाही, पोलिसात जमा करायला न्या.” नवरदेवाचा काका आम्हाला वाटेल ते बोलून गेला.

अशी प्रत्येक वस्तू एका माणसाची भीती सांगते. ही भीती किती जुनी, यावर एका तरुणाचं आयुष्य टांगणीला लागेल हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता अमळनेरकडच्या एका खेड्यातून गिरजाअक्का आल्या. सासरे वारले होते. गाव त्यांना तात्या म्हणायचं. कापसाची अडत होती त्यांची, ती केव्हाच बुडाली होती. तात्यांच्या नावावर रिव्हॉल्व्हर होतं. परवानेदार मेला की वारसांनी हत्यार पोलिसात किंवा परवान्याच्या दुकानात जमा करायचं असतं. आमच्या दुकानाचं नाव तात्यांच्या तोंडी असायचं, म्हणून अक्का थेट एस.टी.त बसून धुळ्याला आल्या. पिशवीत वर मेथीच्या जुड्या, खाली पिस्तूल.

“अक्का, असं आणतात का?” अण्णा घाबरले.

“मंग कसं आणू? हातमा धरीसन?”

अण्णांनी पावती केली. मी भिंग डोळ्याला लावलं. आजही तो काप मला दिसतो. तोंड असं सरळ की पाण्याची पातळी वाटावी. माशी एका जुन्या नाण्याच्या तुकड्याची होती, त्यावर राजाच्या कानाची कड अजून ओळखू यायची. नळीच्या पाठीवर कंपनीच्या नावाची इंग्रजी अक्षरं कोरलेली होती आणि ती ओळ मध्येच तुटली होती, शेवटचं अक्षर तर अर्धंच. कापाच्या कडेला तपकिरी, दाट, जुना गंज बसला होता.

“करीमचाचा,” अण्णा हळूच म्हणाले. हे त्यांचे उस्ताद. तेव्हा त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. “त्यांच्याशिवाय असा हात धुळ्यात कुणाचा नव्हता.”

मग आली खंडेनवमी. आमच्या धंद्यात त्या दिवशी दुकानातलं प्रत्येक हत्यार पुसून, तेल लावून, हळदकुंकू वाहून मांडतात. माझा आणि अण्णांचा दरवर्षीचा वाद.

“अण्णा, माणूस मारायच्या वस्तूला कुंकू? उद्या तलाठी शिक्क्याला लावेल.”

“लावतो. तू बघितलं नाहीस.”

ज्या कारागिराला गंज दिसतो त्याचा हात थांबत नाही. सुतारानं वर आलेला खिळा बघितला की ठोकलाच पाहिजे, तसं. त्या खंडेनवमीला अण्णांनी ठेवीतली हत्यारंही पुसली. अक्कांच्या पिस्तुलावर जास्तच जीव लावला, उस्तादांचं काम ना! बारीक पॉलिश कागदानं त्याचं तोंड घासून असं लखलखीत केलं की त्यात आपला डोळा दिसावा. मी तेव्हा रुसून माडीवर बसले होते. खाली आले तेव्हा पिस्तूल झेंडूच्या पाकळ्यांवर चमकत होतं आणि अण्णा प्रसन्न होते.

दसऱ्यानंतर निवडणुका लागल्या. निवडणुका लागल्या की दुकानांतल्या ठेवी तपासायला पोलीस येतात. त्या वेळचे फौजदार नवे होते, तरतरीत, नाकावर राग. एकेक हत्यार परवान्याशी ताडून पाहत होते. तात्यांच्या पिस्तुलापाशी थांबले.

“हे लांब नळीचं आहे ना परवान्यावर?”

“हो साहेब,” अण्णा म्हणाले.

“मग हे काय?”

“आखूडच आलं साहेब आमच्याकडं.”

“तोंड बघा. चमकतंय. ताजा काप आहे हा. घरात कोण आहे त्यांच्या?”

घरात होता दिलीप, अक्कांचा एकुलता एक मुलगा. जिनिंगमध्ये कामाला. मजुरीवाढीची पत्रकं वाटली म्हणून ठाण्यात त्याचं नाव आधीच कुणीतरी टिपून ठेवलेलं. फौजदारांच्या डोक्यात गणित सुटलं. म्हातारा मेला, नातवाच्या हाती पिस्तूल लागलं, लपवता यावं म्हणून त्यानं ते कापून घेतलं, आणि निवडणुकीच्या तोंडावर घाबरून आईच्या हातून दुकानात ठेवलं.

“साहेब, ते जुनं...” मी बोलायला लागले.

“तुम्ही कोण?”

“मी इथं काम करते.”

“मालक बोलतील.”

मी मालकांकडं पाहिलं. मालक गप्प. ठेवीतल्या हत्याराला परवानगीशिवाय हात लावायचा नसतो, आणि वर्षअखेरीस आमच्याही परवान्याचं नूतनीकरण होतं. अण्णांच्या कपाळावर घाम आला होता. तो पुसायला त्यांनी जी चिंधी काढली ती तेलाची होती.

पंच हवे होते. शेजारच्या चहाच्या दुकानातून वामनभाऊंना बोलावलं. ग्लास विसळता विसळता आले, हात ओलेच. ‘नळीचे तोंड ताजे कापलेले व चकचकीत दिसले’ असं लिहिलेल्या कागदावर त्यांनी सही केली. पाण्याचा डाग पडला, तो फौजदारांनीच टिपला. वामनभाऊंनी पिस्तुलाकडं बघितलंही नाही. दुसरा पंच रस्त्यावरचा कुणी होता, तो घाईत होता.

त्याच संध्याकाळी दिलीपला उचललं.

त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. मी अण्णांना म्हणाले, “तुम्ही घासलंत म्हणून ते चमकतंय. हे तुम्ही सांगायला हवं होतं.”

“सांगितलं तर दुकान जाईल, सरू.”

“आणि नाही सांगितलं तर पोरगा जाईल.”

“तुझ्या मामाची पत्रकं वाचून वाचून तुला सगळं सोपं वाटतं.”

मला सोपं वाटत नव्हतं. मला भीती वाटत होती, ती वेगळीच. मी विचार करत होते, मी त्यांच्या जागी असते तर? पण असं मनात आलं की माणूस गप्प बसायला लागतो, म्हणून मी तो विचार तिथंच मोडला आणि म्हणाले, “उद्या मी एकटी जाते ठाण्यात. तुम्ही माडीवर बसा रुसून.”

सकाळी अण्णा टोपी घालून दारात उभे होते. आम्ही दोघं चालत गेलो. ठाण्यात त्यांनी स्पष्ट सांगितलं, “साहेब, तोंड मी घासलं. खंडेनवमीला. आधी त्यावर गंज होता.”

फौजदार हसले. “आता आठवलं? की रात्री कुणी आठवण करून दिली?”

“माझ्या मुलीनंही पाहिला होता तो गंज.”

“मग झालं! बापानं घासला, मुलीनं पाहिला. मी काय लिहू, बाप-लेकीनं गंज पाहिला?”

“नाण्याची माशी बघा,” मी म्हणाले. “राजाच्या वेळचं नाणं आहे.”

“माझ्या आईच्या डब्यात असली मूठभर नाणी आहेत. ती वापरून मी उद्या काही केलं तर ते राजाच्या वेळचं होईल?”

खरं सांगायचं तर फौजदार मूर्ख नव्हते. त्यांच्यापुढं जे होतं त्यावरून ते बोलत होते, आणि त्यांच्यापुढं जे होतं ते आमच्याच हातानं घासलेलं होतं. माझा राग कुणावर काढावा हे मला कळेना. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी अण्णांना वर ऐकवलं, “ठेवीतल्या मालाला हात लावला हे मी लक्षात ठेवतो.”

दिवाळी जवळ येत होती. दिलीपला जामीन मिळत नव्हता. अक्का धुळ्याला यायच्या, कोर्टाच्या आवारात निंबाखाली बसायच्या. आमच्या दुकानावरून जाताना आत बघायच्या नाहीत.

मग एका दुपारी एक गिऱ्हाईक बंदुकीचा पट्टा आखूड करायला आलं. अण्णांनी चामडं कापलं, टाके घातले आणि उरलेला तुकडा कागदात गुंडाळून पट्ट्यासोबत त्याच्या हातात दिला. हे मी लहानपणापासून बघत आले होते. स्क्रू बदलला तर जुना स्क्रू परत, स्प्रिंग बदलली तर मोडकी स्प्रिंग परत. त्या दिवशी पहिल्यांदाच विचारलं.

“अण्णा, हे तुकडे का परत देता?”

“उस्तादांची शिकवण. ते म्हणायचे, ‘दर्जी ने चिंदी रखी तो चोरी. कपडा गिऱ्हाईक का, तो लोहा भी गिऱ्हाईक का...’”

ते बोलता बोलता थांबले. मीही. काउंटरवर कात्री तशीच उघडी होती.

एका कापाला दोन तोंडं असतात. एक आम्ही घासून टाकलं होतं. दुसरं करीमचाचांनी तात्यांना परत दिलं असणार. आमच्या धंद्यातल्या या साध्या रिवाजाप्रमाणं बोटभर नळीचा तुकडा कागदात गुंडाळून दिला असणार, आणि तात्यांसारखा अडत्या घरात आलेलं लोखंड फेकून देणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी अमळनेरची एस.टी. धरली, पुढं टमटम, मग पायी. वाटेत घरोघरी दिवाळीची झाडलोट चालू होती. ओट्यांवर पितळी भांडी, समया, देव, सगळं चिंच आणि राख लावून घासायला काढलेलं. ते पाहून माझे पाय भराभर पडायला लागले. अख्खा खानदेश घासायला बसला होता. जिथं तिथं अण्णाच!

अक्कांच्या ओट्यावर काहीच नव्हतं. सडाही नव्हता. त्या दारात आल्या, मला ओळखलं आणि आत वळल्या.

“अक्का, ऐका. तात्यांनी कधी लोखंडाची नळी आणली होती? इतकी. पोकळ.”

“आते काय घासानं बाकी शे तुमनं?”

मी उंबऱ्यातच बसले. सगळं सांगितलं, घासल्याचंही, गप्प बसल्याचंही. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, “एक वस्तू दिधी तुमले, ती चकचकीत करीसन मना पोऱ्याले आत टाकं. आते दुसरी दिऊ?”

पत्रकातलं एकही वाक्य कामाला आलं नाही, पण मी उंबऱ्यातून उठलेही नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी मानेनं आतल्या खोलीकडं खूण केली. देवाची फळी होती. फळीत एक काळी, बुटकी नळी उभी रोवलेली, तिच्यात विझलेल्या उदबत्तीची काडी. तात्यांनीच लाकडाला भोक पाडून ती बसवली होती, अक्का लग्न होऊन आल्या त्याच्याही आधी. वरच्या टोकाला मूळची माशी होती, मासोळीच्या पाठीवरच्या पंखासारखी, तिच्यावर कुंकवाचा थर. पाठीवर काजळीत बुडालेली अक्षरं. कापाचं तोंड खाली, लाकडात.

“उदबत्तीनं घर शे ते,” अक्का म्हणाल्या. “दर दिवाळीले फळी काढीसन बठ्ठं घासस मी. ही नळीबी उपटीसन घासानी, असं यंदा मनमा व्हतं. उदबत्ती बसस नही आते तिन्हामा, राख भरायेल शे.” मग त्यांचा आवाज बदलला. “पण पोऱ्या तठे कोठडीमा, अन् मी आठे देव घासू? यंदा देव घासेल नहीत, माय.”

मी हात पुढं केला आणि मागं घेतला. आयुष्यात पहिल्यांदा गंज बघून माझे डोळे भरून आले.

अक्कांनी नळी कुणाला काढू दिली नाही. फळीच उचकटली, नव्या लुगड्यात गुंडाळली आणि सुनावणीच्या दिवशी मांडीवर घेऊन एस.टी.तून आणली. कंडक्टरनं विचारलं, “अक्का, काय आहे?” त्या म्हणाल्या, “देव.” त्यानं तिकीट लावलं नाही.

कोर्टात टेबलाच्या एका बाजूला सीलबंद पिस्तूल, दुसऱ्या बाजूला देवाची फळी. दिलीप पिंजऱ्यात, दाढी वाढलेली, आईकडं बघत होता. त्याच्या वकिलांनी मागणी केली म्हणून पोलीस मुख्यालयातले आर्मोरर हवालदार आले होते, म्हणजे पोलिसांची हत्यारं सांभाळणारे. वयस्क, मोजकं बोलणारे. मॅजिस्ट्रेटनी सांगितलं, तुकडा लाकडातून काढा. अक्का पुढं झाल्या, दोन्ही हातांनी नळी धरली, पुटपुटत देवाची माफी मागितली आणि पिळून उपटली. लाकडाचा भुगा टेबलावर सांडला.

ओळख पटवायला अण्णांना बोलावलं. त्यांनी तुकडा हातात घेतला, उलटा केला. कापाच्या तोंडावर गंजाची जाड साय होती. अण्णा त्याकडं बघत होते, उस्तादांचा हात शोधत होते, आणि त्यांचा उजवा हात त्यांच्याही नकळत कोटाच्या खिशात गेला. मी बाकावरून पाहिलं, चिंधीचं टोक बाहेर आलं होतं.

“अण्णा, हात!”

सगळं कोर्ट माझ्याकडं वळलं. शिपाई धावला. मॅजिस्ट्रेटनी चष्म्यावरून पाहिलं, “कोण ओरडलं?”

अण्णांनी आपल्या हाताकडं पाहिलं, जणू तो दुसऱ्याचा होता. चिंधी खिशात कोंबली, तुकडा टेबलावर ठेवला आणि हात पाठीमागं बांधले. “साहेब, तिला बाहेर काढू नका,” ते म्हणाले. “बरोबर ओरडली ती.”

आर्मोरर हवालदारांनी पिस्तूल आणि तुकडा एका रेषेत धरले. पाठीवरची तुटलेली ओळ पुरी झाली. अर्ध्या अक्षराला दुसरा अर्धा मिळाला, मध्ये करवतीनं खाल्लेली कणभर जागा सोडून. नळीच्या आत गोळीला फिरकी द्यायला वळणदार चर असतात, त्यांची संख्या आणि वळण दोन्हीकडं सारखं. मग त्यांनी तुकड्याचं तोंड भिंगाखाली बराच वेळ पाहिलं. फौजदार त्यांच्या खांद्याशी उभे होते.

“तुकडा याच पिस्तुलाचा,” हवालदार म्हणाले. “आणि असा गंज वर्षा-दोन वर्षांत चढत नाही साहेब. लाकडाचे तंतू त्यात रुतलेत. फार जुनं आहे.”

फौजदारांनी भिंग मागून घेतलं, स्वतः पाहिलं आणि परत दिलं. एवढं त्यांच्याबद्दल मी लिहायलाच हवं.

दिलीपच्या वकिलांनी मग वामनभाऊंना विचारलं, “पंचनाम्यात ‘ताजे कापलेले’ लिहिलंय. तुम्ही कशावरून ठरवलंत?”

वामनभाऊ म्हणाले, “साहेब, मी ठरवलं नाही. मी ग्लास विसळत होतो. सही करा म्हणाले, केली.”

“पिस्तूल पाहिलंत?”

“आज पाहतोय.”

दिलीप सुटला. दिवाळी तोवर होऊन गेली होती, जिनिंगमधली नोकरीही. आता तो पिंपळनेरला एका सायकलच्या दुकानात काम करतो आणि अजून पत्रकं काढतो. मला पाठवतो. शुद्धलेखन मी तपासते, उद्गारचिन्हं राहू देते. आमचं नूतनीकरण पुष्कळ चकरा मारल्यावर झालं. तुकडा आणि पिस्तूल दोन्ही सरकारजमा झाले. मी एकदा अक्कांकडं गेले तेव्हा देवाच्या फळीत नळीच्या जागी रिकामं भोक होतं आणि अक्का त्या भोकातच उदबत्ती खोचत होत्या. खंडेनवमीला अण्णा आता ठेवीतल्या हत्यारांना हात लावत नाहीत, लांबूनच हळदकुंकू उधळतात. त्यांची बोटं तेव्हा कशी वळवळतात ते बघवत नाही.

मला अजून राग येतो तो एकाच गोष्टीचा. अण्णांनी घासलं ते प्रेमानं. फौजदार चुकले, पण त्यांनी निदान पिस्तुलाचं तोंड पाहिलं होतं. अक्का विश्वास ठेवायला तयार नव्हत्या, तरी शेवटी त्यांनी ठेवला. कायद्यानं ज्यांना तिथं केवळ बघण्यासाठी उभं केलं होतं, त्या दोघांनीच बघितलं नाही. त्यांच्या दोन सह्यांवर एक पोरगा दिवाळीभर कोठडीत होता. वामनभाऊ वाईट माणूस नाहीत. आमच्या दुकानाला वर्षानुवर्षं तेच चहा देतात, आणि त्या दिवसापासून त्यांनी अण्णांकडून चहाचे पैसे घेतलेले नाहीत. तो चहा मला गोड लागत नाही.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे, आणि ते तुम्ही हा अंक खाली ठेवताच विसराल म्हणून घरात एकदा मोठ्यानं बोलून ठेवा. कधीतरी तुमच्या दुकानात, तुमच्या दारात, रस्त्यावर तुम्हाला कुणी हाक मारील, “जरा या, पंच म्हणून सही करा.” नाही म्हणू नका, पळूही नका. पण पेन घेण्याआधी म्हणा, “वस्तू दाखवा.” हातात घेऊ देत नसतील तर जवळ जाऊन बघा. कागद वाचा. जे तुम्ही पाहिलं नाही ते खोडायला लावा. समोरचा घाईत असेल, रागावेल, तर रागावू द्या.

आणि हात ओले असतील तर आधी पुसून घ्या. मग बघा. मगच सही.